माझा सगळा आयकता

तमाम वाचकांना उभं राहून, पदर सारखा करून, अत्यंत गंभीरपणे जाहीर करते की काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या गावातल्या एकाही मुलाला वडील नव्हते.

दचकू नका. पुरुष भरपूर होते. धडधाकट होते, वेळेवर जेवत होते, देवळाच्या पायरीवर बसून जगातल्या सगळ्या सरकारांना सल्ले देत होते. पण अंगणवाडीच्या दारातून पाहिलं तर गावात नुसत्या आया होत्या. लस टोचायला आई, वजनाला आई, पोराने दुसऱ्या पोराला चावलं तर माफी मागायला आई. मी या किनाऱ्यावर आयुष्याची उमेदीची वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काढली, अजून काढते आहे, आणि सुरुवातीला मला वाटायचं की इथली मुलं बहुधा भरतीबरोबर वाहून येत असावीत.

अंगणवाडी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगून टाकते, कारण पुष्कळांना वाटतं आम्ही खिचडी शिजवतो. खिचडी मदतनीस शिजवते. मी मुलांची वजनं करते, उंची मोजते, नर्सबाई सुई काढते तेव्हा पोर धरून ठेवते, गरोदर बायकांच्या घरी जाते, गाणी म्हणते, माकड होते, वाघ होते आणि उरलेल्या वेळात हे सगळं मोबाइलमध्ये भरते. वाघ व्हायला मला मनापासून आवडतं. मोबाइलला रेंज लागते आणि ती आमच्याकडे फक्त देवळामागच्या कातळावर मिळते, त्यामुळे सरकारकडे गेलेली आमच्या गावची सगळी माहिती उभ्याने, वाऱ्यात, एक हात वर करून गेलेली आहे.

महिन्यातून एकदा सभाही घ्यायची. तिचं नावच माता सभा. एकदा मी मॅडमना विचारलं, "मॅडम, पिता सभा कधी?" मॅडम म्हणजे आमच्या मुख्यसेविका, आजूबाजूच्या सगळ्या अंगणवाड्यांवर त्यांची देखरेख. बाई वाईट नाहीत, फक्त कागदाबाहेर पाय टाकताना त्यांना चक्कर येते. त्या म्हणाल्या, "अहो, त्याला रकाना नाही."

रकाना नाही म्हणून बाप नाही! मला हे पटलं नाही, अजून पटत नाही, आणि ज्यांना पटतं त्यांनी आमच्या गावात एक दिवस राहून दाखवावं. आमच्याकडे पुरुष पहाटे समुद्रावर जातात आणि दिवस वर येईपर्यंत घरी परततात. त्याच वेळी बायका टोपली घेऊन बाजाराला निघतात, त्या दुपार उलटल्यावर येतात. मग मधल्या वेळात पोर कुणाजवळ असतं? बापाजवळ. पण पोर खातं काय, बोलतं काय, हे आम्ही विचारायचं कुणाला? बाजारातून दमून आलेल्या आईला.

म्हणून मी बापांच्या मागे लागले. सुरुवात भव्य झाली नाही. एका मुलाचं वजन उतरलं होतं. त्याचे वडील हंगामात देवगडला आंब्याच्या कामावर. फोन करून म्हटलं, "वजन कमी भरतंय हो." पलीकडून ताडकन उत्तर आलं, "बाई, ती पेटी माझी नाय. माझी पेटी कधी कमी भरणा नाय!" दुसऱ्या एका बापाला बायकोने दटावून मुलगा आणायला पाठवलं, तर तो शेजारणीचा मुलगा घेऊन घरी गेला. रेनकोट एकाच रंगाचे होते. पोरगंही बिचारं समजूतदार, काही बोललं नाही. मी मागून धावत गेले तर हा बापूस मलाच म्हणतो, "रेनकोट तर आमचोच आसा मा?"

लोक हसले. मीही हसले. पण मागे हटले नाही, आणि हटले नाही त्याचं कारण तन्वी.

तन्वी नंदू आणि प्रणालीची मुलगी. चार वर्षांची, डोळे असे की तुमच्या तोंडावर खिळलेले. ठोकळे रचण्यात सगळ्यांच्या पुढे. बोलत मात्र नव्हती. "आं" आणि "ऊं" एवढंच. मी गाणं सुरू केलं की बाकीची पोरं उठायची. तन्वी त्यांना उठलेलं पाहून उठायची. मागून हाक मारली तर वळायची नाही. माझा संशय पक्का होता. ओरोसच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांचे कान तपासतात, तिथे तिला न्यायला हवं होतं, आणि लवकर. ऐकायला न येता गेलेला काळ बोलण्यातून वजा होतो, आणि तिच्या शाळेला आता फार अवधी नव्हता.

प्रणालीला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "बाई, माझा कायच आयकणा नाय. पाठसून बोंबाललंय तरी मान वळवणा नाय. पण घरात माझा आयकता कोण? हे म्हणतत, तुझो धाक नाय."

मग मी नंदूला गाठलं. उंच, काळासावळा, हसरा माणूस, रापणीच्या जाळ्यावरचा. तो माझ्यावर रागावलाही नाही. उलट माझी कीव केल्यासारखा म्हणाला, "बाई, तन्वी माझा सगळा आयकता. पाणी हाड म्हटलंय तर हाडता, बस म्हटलंय तर बसता. आवशीक धाक नाय म्हणान तिचा आयकणा नाय. तेच्यात कान कसले तपासतास?"

आतून त्याच्या आईने भर घातली, "ह्यो पण चार वर्साचो होईसर बोलूक नाय. आता बघा, गप कसो करूचो ता कळणा नाय!"

मराठीत, मालवणीत, दोन्हीकडे तोच शब्द. कानाने ऐकणं आणि सांगितलेलं ऐकणं. एकाच घरात आई म्हणते ऐकत नाही, बाप म्हणतो सगळं ऐकते, आणि दोघंही शपथेवर खरं बोलतायत. बापाशिवाय हा गुंता सुटणार नव्हता. आणि बाप अंगणवाडीत येत नव्हते. "थय बायलांची सभा," म्हणायचे.

तेव्हा मी सकाळी किनाऱ्यावर गेले आणि रापण ओढायला उभी राहिले.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि दोन बाजूंना दोन रांगा ते ओढतात. यात एक रीत आहे. दोराला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा. घरचा असो, पाहुणा असो, हात लागला की वाटा द्यावाच लागतो. ही रीत मोडलेली मी कधी पाहिली नाही, आणि माझा सगळा डाव तिच्यावरच होता.

रापणीचे म्होरके आबा तांडेल. मला पदर खोचून रांगेत शिरताना बघून ते ओरडले, "ओ बाई, सोडा! साडी भिजात!"

"भिजू दे आबा. सरकारी आसा!"

रांग हसली, पण दोर माझ्या हातात आला. आणि ओढता ओढता मला एक गोष्ट दिसली, जी मी इतकी वर्षं किनाऱ्यावर राहून नीट पाहिली नव्हती. दोन रांगांमध्ये एवढं अंतर, वर लाटांचा आवाज, वारा. तिथे ओरडून उपयोग नसतो. म्हणून मध्ये एक जण पाण्यात उभा राहून हातांनी सांगतो. पंजा खाली दाबला की दोर सैल. हात गरगर फिरवला की ओढा. दोन्ही हात वर, थांबा. तो माणूस नंदू होता. त्या दिवशी मला ते नुसतं सुंदर वाटलं. बाकी काही डोक्यात आलं नाही, कारण तळहात सोलवटले होते.

जाळं आलं. वाटे पडायला लागले. आबांनी विचारलं, "बाई, बांगडे देव काय पेडवे?"

मी वाळूवर उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि रंगमंचावर म्हणावं तसं म्हटलं, "आबा, माका मासे नकोत. हयसर जितके बापूस आसत, ते सगळे माका घटकाभर होये. आज, अंगणवाडीत. ह्योच माझो वाटो!"

काय तो हशा! एक जण ओरडला, "बाई, घोवाक इचारलास?"

"तेकाच थय चाय करूक बसवलंय!" हे अक्षरशः खरं होतं. आमचे हे स्टोव्ह पेटवून बसले होते.

आबा मात्र हसले नाहीत. डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "दोराक हात लागलो हा. वाटो देवचोच लागतलो. चला रे."

तुम्ही ती सभा पाहायला हवी होती. अंगाला मासळीचा वास, पायाला वाळू आणि बुडाखाली बालवर्गाच्या लाल-पिवळ्या खुर्च्या. गुडघे कानाला लागलेले. पोरं आपापल्या बापाकडे, घरात हत्ती शिरावा तशी बघत होती. मी त्यांना वजनाचा काटा दाखवला, पोरांची चित्रं दाखवली. एका बापाला स्वतःच्या मुलाचं पूर्ण नाव सांगता आलं, पण जन्मदिवस विचारला तर म्हणाला, "त्या दिवशी सुरमई बरी गावलेली."

मग मी तन्वीचा विषय काढणार, एवढ्यात नंदूच उभा राहिला. त्याला मला खोटं पाडायचं होतं. "बाई म्हणतत चेडवाक आयकूक येणा नाय. आता बघा." तन्वी समोर कोपऱ्यात बसून त्याच्याकडेच बघत होती. "तन्वी, बाय, उठ. थयलो तांब्यो घे. हाड हय." ती उठली, तांब्या घेतला, आणला आणि बापाच्या हातात दिला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढा खटाटोप करून मीच चुकले की काय? बाजाराची टोपली घेऊन प्रणाली दाराशी थांबली होती, तिने मान खाली घातली. म्हणजे दोष तिचाच ठरला!

आणि मग मला सकाळची रापण आठवली. 'उठ' म्हणताना त्याचा पंजा वर गेला होता. 'हाड' म्हणताना हात स्वतःकडे फिरला होता. नंदू बोलायच्या आधी त्याचे हात बोलत होते, आणि हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. पाण्यात उभं राहून जन्म गेलेला माणूस. त्याला हात आणि तोंड वेगळे कुठून कळणार?

मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले. खिचडीचा दोन कानांचा मोठा टोप उचलून आणला. "नंदू, जरा धर रे." त्याने तो दोन्ही हातांनी धरला. तन्वी तोवर परत ठोकळ्यांकडे वळली होती.

"आता हाक मार."

"तन्वी," तो म्हणाला.

ठोकळ्यावर ठोकळा.

"तन्वी!"

आणखी एक ठोकळा.

मग त्याने रापणीवरचा आवाज काढला. खिडकीची तावदानं थरथरली. दोन पोरं दचकून रडायला लागली, आमच्या ह्यांच्या हातातली कपबशी पडली. तन्वीने मनोऱ्यावर शेवटचा ठोकळा ठेवला, तो पडत नाही ना हे डोकं कलतं करून पाहिलं आणि स्वतःशीच हसली.

नंदू टोप धरून उभा राहिला. मग त्याने टोप अलगद खाली ठेवला, तन्वीला उचललं, आणि माझ्याजवळून जाताना हळू म्हणाला, "बाई, फसवलास माका." आणि निघून गेला.

त्यानंतर तन्वी अंगणवाडीत आली नाही. मी घरी गेले तर नंदूची आई दारातच आडवी आली. "मुकी करून ठेवलास माझ्या नातीक साऱ्या गावात! उद्या हिचा लगीन कोण करतलो?" मी म्हटलं, "आजी, लग्नाचं तेव्हा बघू. आधी तिला तुमची शिवी तरी ऐकायला येऊ दे." दार बंद झालं. मी दुसऱ्या दिवशी परत गेले. परत दार बंद. तिसऱ्यांदा प्रणालीने आतून माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी त्या पाहण्यावर आणखी काही दिवस काढले.

दरम्यान मॅडमचा फोन. त्या रागावल्या की ऑफिसची मराठी आणखी शुद्ध होते. "आपण गणवेशात मासेमारी केल्याची तक्रार आहे. तसेच एका पालकाच्या हाती टोप देऊन त्यांचा अपमान केल्याचीही."

"दोन्ही खरं आहे मॅडम. दोन्ही पुन्हा करीन."

"यापुढे सभा फक्त मातांची होईल."

"मग तुम्हीच येऊन बापांना दारातून परत पाठवा. दार मी उघडंच ठेवणार."

"येतेच मी पुढच्या दौऱ्यात," त्या म्हणाल्या. मी कातळावर उभी होते, वारा जोरात होता. मला वाटलं आता आपली नोकरी काही खरी नाही. आणि तरीही, देवाशपथ, वाघ झाल्यासारखं वाटलं.

मग एका दुपारी, खिचडी वाढून झाल्यावर, नंदू दारात आला. दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले. मला वाटलं थंडी वाजतेय.

"बाई, काल सगळो दिस असोच रवलंय," तो म्हणाला. "हात काढूकच नाय. पुढसून हाक मारलंय, पाठसून मारलंय. मगे ता माझ्या काखेतसून हात ओढूक लागला." त्याने हात काखेतून काढले. "बोल म्हणून सांगी होता माका. हात बाहेर काढ, माझ्याशी बोल."

मी खिचडीची पळी खाली ठेवली.

"ओरोसाक गाडी कधी आसा?" त्याने विचारलं.

आम्ही चौघं गेलो. तिथली कान तपासणारी मुलगी तरुण होती, शांत होती. तिने प्रणालीला विचारलं, कुठले आवाज कळतात, कशाला दचकते. प्रणाली नंदूकडे बघू लागली. आणि नंदू सांगत सुटला. होडीचं इंजिन सुरू झालं की तन्वीला पायातून कळतं. फटाका लांबचा कळत नाही, जवळचा कळतो. डाव्या बाजूला मान जास्त वळते. चांदण्यात त्याच्याशी हातांनी बोलते, अंधार झाला की कंटाळून झोपते. मी ऐकत होते आणि मनात चरफडत होते. मी दर महिन्याला सभेत हेच प्रश्न विचारत आले होते, आणि त्यांची उत्तरं पाण्यात उभी होती. तन्वीची ती कोवळी वर्षं गेली ती गेलीच. रकाना नव्हता ना!

तपासणी झाली. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं, पण यंत्र लावून उपयोग होईल एवढं शिल्लक होतं. नंदूने एकच विचारलं, आणि ऑफिसातली मराठी बोलायचा प्रयत्न करत विचारलं, "मॅडम, माझ्या हातांमुळे ती बोलायची राहिली काय?"

ती मुलगी म्हणाली, "दादा, तुमच्या हातांमुळे ती एकटी पडली नाही. हात थांबवू नका. आता हाताबरोबर आवाजही तिच्यापर्यंत पोचवायचा."

तेव्हा नंदूने हात पँटवर पुसले, जसे काही ते त्याला परत मिळाले होते.

यथावकाश यंत्रं मिळाली. सिनेमात यंत्र लावताच मूल 'बाबा' म्हणतं. आमच्या तन्वीने परतीच्या एसटीत कंडक्टरची घंटी ऐकली आणि भोकाड पसरलं. नंदू खवळून उठला, "हळू वाजव रे मेल्या, नवे कान आसत!" त्या भल्या माणसाने कणकवलीपर्यंत घंटीला हात लावला नाही, तोंडानेच "चला" म्हणत गाडी आणली. नंतर कित्येक महिने मेहनत. ओरोसच्या खेपा, घरी रोज भांडी वाजवणं, एकेक नाव शंभरदा म्हणणं. प्रणालीला बाजार होता, म्हणून दुपारची सगळी मेहनत नंदूची, खिचडीनंतर अंगणवाडीतच. किनाऱ्यावरचे बाप आधी बघायला म्हणून थांबायचे, मग आपापली पोरंही घेऊन बसायला लागले. पिता सभा म्हणाल तर ती तेव्हाच झाली होती. मी फक्त चटया पुरवल्या.

आणि एके दिवशी मॅडम आल्या. दार उघडंच होतं. आत बापच बाप. त्या चपराक बसल्यासारख्या उंबऱ्यावर थांबल्या, मग खुर्चीवर बसल्या आणि चष्मा पुसून म्हणाल्या, "या सभेबाबत कुणाची काही तक्रार आहे का? असल्यास स्पष्ट सांगा."

नंदू उठला. "आहे, मॅडम."

मदतनीसने माझा हात धरला. आमच्या ह्यांनी स्टोव्ह बंद केला.

"माझ्या मुलीविषयी आहे," नंदू म्हणाला. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. तन्वी कोपऱ्यात त्याच्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती. तो साध्या, घरच्या आवाजात म्हणाला, "तन्वी, बाय, ये हय."

तन्वीने मान वळवली. हातांकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मनोऱ्याकडे पाहिलं, तो अजून अर्धाच होता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणठणीत म्हणाली, "नाय!" आणि पाठ फिरवून परत ठोकळे रचायला लागली.

नंदूचे हात सुटले, दोन्ही वर गेले, आणि तो रापणीवरच्या आवाजात ओरडला, "बघलास मॅडम? चेडू माझा आयकणाच नाय!"